एक नख कोरं

दिनांक ११ ऑक्टोबर १९७४, शुक्रवार, सकाळी सव्वाअकरा. आकडा चार पूर्णांक आठ. हजर : मी, माझी पत्नी सुमन, सांगलीच्या हॉस्पिटलातले डॉक्टर आणि दाराशी कागद घेऊन उभी असलेली नर्स.

आकडा माझ्या रक्ताचा होता. माझ्यासारख्या माणसाचा तेरा-चौदा असावा लागतो, असं डॉक्टर म्हणाले. मी मनात भागाकार केला. तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. एवढ्या रक्तावर मी पहाटे उठून आंघोळ केली होती, कराडहून सहाची एस.टी. पकडली होती, इस्लामपूरला उतरून चहा प्यालो होतो. आणि मला बरं वाटत होतं. जरा हलकं, जरा दूरदूर, पण बरं. ज्यांचं पोट रंग-थिनरच्या वासाच्या कामावर आहे त्यांना हेच सांगायचं म्हणून लिहायला बसलो आहे. मला शेवटपर्यंत बरं वाटत होतं.

खोली

एकोणीस वर्षं मी गुळाच्या अडतीवर कारकून होतो. ती नोकरी सोडून घरामागच्या खोलीत नेलपॉलिश भरायचा धंदा काढला. मुंबईहून घट्ट रोगणाचे डबे येत. त्यात रंग घोटायचा, थिनर घालून पातळ करायचं, नरसाळ्यानं इवल्या बाटल्यांत भरायचं आणि ब्रशचं टोपण लावायचं. कासार आणि जत्रेतले दुकानदार माल नेत. खोलीत आम्ही तिघं असायचो : मी, हिराबाई आणि तिची भावजय मंगल. हिराबाई आटपाडीकडची. तिच्या माहेरची माणसं मेंढरं घेऊन फिरायची. सुमन बाहेर सोप्यात बसून लेबलं चिकटवायची. तिला वास सोसत नसे.

पावसाळी हवेत या रंगाला एक खोड लागते. वाळताना त्यावर पांढरी साय धरते, लाल रंग दुधात बुडवल्यासारखा दिसतो आणि माल परत येतो. म्हणून जूनमध्ये मी खिडकीला गोणपाट ठोकलं आणि दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. पाऊस सरला तेव्हा रस्त्याची धूळ उडू लागली, म्हणून गोणपाट तसंच राहिलं. त्याच उन्हाळ्यात मी थिनरही बदललं होतं. नवं स्वस्त होतं आणि वासाला गोड होतं. आधीच्याला पिकल्या केळ्यांचा वास यायचा. नव्याच्या वासात केळ्यांच्या खाली आणखी काहीतरी होतं, लांबच्या बागेतून आल्यासारखं.

त्या दुपारी मला अजून आठवतात आणि खोटं कशाला बोलू, गोड आठवतात. गोणपाटाच्या विणीतून उन्हाचे बारीक ठिपके यायचे आणि भिंतीवरून सरकत राहायचे. तांबडी, गुलाबी, डाळिंबी बाटल्यांच्या रांगा. हिराबाई दळणाची ओवी हळूहळू म्हणायची, आणि एक ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत पाण्याखालून चालल्यासारखा वेळ जायचा. मी बाटल्या मोजत असे. एका ग्रोसच्या एकशे चव्वेचाळीस. कधी कधी एकशे दहाच्या आसपास आकडे हातातून सुटून कुठेतरी तरंगत जात आणि मी हसत त्यांच्याकडे बघत बसे. आयुष्यात माझा आकडा कधी सुटला नव्हता. तरी त्याचं काही वाटलं नाही.

धक्के

आमच्याकडे जमीन हलणं नवं नाही. कोयनेच्या मोठ्या भूकंपापासून कराडच्या माणसाला एक सवय लागली आहे. पायाखाली जरा सरकलं की आधी बाहेर पळायचं, विचार नंतर करायचा.

जुलैत एका दुपारी नावेत पाय ठेवल्यासारखी फरशी सरकली. मी "धक्का" म्हणालो आणि उठलो. हिराबाई आणि मंगलही उठल्या. तिघं परसात आलो. शेवग्याखाली कपडे धुवायचा दगड आहे, त्यावर बायका बसल्या, मी झाडाला टेकलो. पाच-सात मिनिटांत जमीन स्थिर झाली, डोकं निवळलं. आत येऊन मी डायरीत लिहिलं : वार, वेळ, "सौम्य".

त्यानंतर धक्के वाढले. आठवड्याला दोन, मग तीन. ऑक्टोबरच्या नऊ तारखेपर्यंत डायरीत एकतीस झाले. शेजारचे गुरुजी भिंतीवरून डोकावायचे.

"अण्णा, आज पुन्हा?"

"बरा होता आजचा."

"आमच्या मांडणीवरची वाटीसुद्धा हलली नाही."

"तुमची मांडणी भिंतीत पक्की आहे, गुरुजी."

"आणि तुमचं घर काय पाळण्यात बांधलंय?" असं म्हणून ते हसत निघून जायचे. मी मनात म्हणायचो, मास्तर माणूस, नोंद ठेवत नाही, याला काय कळणार.

दात घासताना रक्त येऊ लागलं. पोटऱ्यांवर निळे डाग दिसू लागले. कुठे आपटलो ते आठवेना. जिना चढताना मध्येच बसावं लागे. डाग सुमनने पाहिले आणि दोन दिवसांत मला सांगलीला नेलं.

नखं

डॉक्टर वयाने माझ्याहून लहान, कमी बोलणारे. त्यांनी खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "नखं दाखवा."

मी हात पुढे केले आणि स्वतःच चपापलो. प्रत्येक वेळी घोटलेला रंग वाळल्यावर कसा दिसतो ते आम्ही नखावर लावून बघत असू. बाटलीतला रंग फसवतो, नखावरचा नाही. माझ्या दहा नखांवर दहा रंग होते. एस.टी.तही कंडक्टरने तिकीट देताना म्हटलं होतं, "काका, लेडीजची सीट पुढं हाय." मला त्याचं काही वाटत नसे. पण डॉक्टरांसमोर ते हात बघून सुमनने मान खाली घातली.

नर्सने स्पिरिटने घासून पाहिलं. रंग गेला नाही. मी म्हणालो, "थांबा, माझ्याकडे आहे," आणि पिशवीतून थिनरची बाटली काढली. ती नेहमी जवळ असे. काम संपल्यावर आम्ही त्यानेच हात धूत असू, कोपरापर्यंत. चिंधी भिजवून एकेक नख पुसत गेलो. खोलीत तो लांबच्या बागेचा वास पसरला. डॉक्टर खुर्चीसकट मागे सरले.

"हे काय आहे?"

"थिनर."

"थिनर म्हणजे काय?"

"पातळ करायचं."

"ते कळलं. आत काय आहे?"

मी डब्याची किंमत सांगू शकलो असतो, डब्यात किती मावतं ते सांगू शकलो असतो, एका डब्यात किती ग्रोस होतात तेही. आत काय आहे ते मी कधी विचारलं नव्हतं. डब्यावरही काही लिहिलेलं नव्हतं.

तोवर दहाही नखं कोरी झाली होती. ती कागदासारखी पांढरी होती. किती दिवसांपासून तशी होती ते रंगाखाली कुणालाच दिसलं नव्हतं.

"चक्कर येते?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण यंदा धक्के फार बसताहेत."

"कसले?"

"भूकंपाचे. सौम्य आहेत." मी डायरी काढून दाखवली. त्यांनी पानं उलटली. सगळ्या नोंदी दहा ते साडेपाचमधल्या. रविवारी एकही नाही. हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. मी, ज्याने अडतीवर पैची चूक रात्र जागून शोधली होती.

"घरात आणखी कुणाला जाणवतात?"

"सोप्यात नाही. खोलीत. खोलीतल्या तिघांनाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाकी दोघं कुठे आहेत?"

त्या वेळी बाकी दोघी कराडला बंद खोलीत दिवाळीचा माल भरत होत्या. निघताना खोलीची किल्ली मीच हिराबाईला दिली होती.

सुमन उठली. "मी जाते परत," म्हणाली. दुपारच्या गाडीने गेली, खोलीला कुलूप लावलं आणि दुसऱ्या दिवशी माझे कपडे घेऊन आली.

बाटल्या

रक्त काचेच्या बाटलीतून द्यायचे. उलटी टांगलेली बाटली, खाली नळी. मी पडल्या पडल्या थेंब मोजायचो. इतके दिवस मी बाटल्या भरल्या, आता बाटली मला भरत होती. डोळे मिटले की संगम दिसायचा. कृष्णा एका रंगाची, कोयना दुसऱ्या, प्रीतिसंगमाच्या घाटावर उभा राहून कुणीतरी दोन्ही घोटतंय, आणि मी म्हणतोय, आधी नखावर लावून बघा. जाग आली की वॉर्डातला पंखा, फिनेलचा वास, समोरच्या खाटेवरचे मिरजेचे तंबोरे करणारे म्हातारबुवा. ते रात्रंदिवस बोटांनी चादरीवर तार लावत असत. आम्ही फारसं बोललो नाही, पण त्यांची बोटं चालू आहेत तोवर मला भीती वाटत नसे.

भीती पहाटे यायची, रक्त काढायला नर्स येण्याआधी. आज आकडा काय? चढला की उतरला? मी आयुष्यभर आकड्यांवर विसंबलो, आणि आता तोच आकडा दाराबाहेर चपला काढत असल्यासारखा वाटायचा.

एकूण नऊ बाटल्या लागल्या. भाचा फौजेतून रजेवर आला होता. त्याने स्वतः दिलं आणि दोन दोस्तांनाही आणलं. जाताना म्हणाला, "मामा, आता अंगात फौजी रक्त हाय. सकाळी पाचला उठायचं." नर्स आम्हांला खरंच पाचला उठवायची, त्यामुळे हसू आलं.

सुमन रोज डबा घेऊन यायची. तिची चुलत बहीण सांगलीत, तिच्याकडे राहिली होती. एक दिवस डबा उघडता उघडता म्हणाली, "मी आषाढात म्हटलं होतं, खिडकी उघडा."

"म्हटलं होतंस."

"डायरीत आहे का?"

मी डायरी उशीखाली सरकवली.

"एकतीस धक्के आहेत. माझं एक वाक्य नाही."

मग तिने भात कालवला आणि मला भरवला. दोन दिवस आमच्यात याखेरीज बोलणं झालं नाही. आजारात माणसं जवळ येतात म्हणतात. येतात, पण आधी असे दोन दिवस काढावे लागतात.

थिनरची बाटली डॉक्टरांनी ओळखीच्या एका रसायनाच्या प्राध्यापकांकडे पाठवली होती. त्यांचा निरोप आला : यात बेन्झीन आहे. रक्त जिथे तयार होतं तिथे जाऊन ते बसतं, एवढंच मला डॉक्टरांनी समजावलं. थांबलं तर बहुधा भरून येतं, म्हणाले. "बहुधा" या शब्दाला आकडा नव्हता. मी मागितला, त्यांनी दिला नाही.

हिराबाई

हिराबाईने रक्त तपासायला साफ नकार दिला होता. सुमन सांगून थकली. शेवटी एका रविवारी ती स्वतः मला बघायला आली, हातात भाकरीचं गाठोडं, मागे मंगल.

"लय वाळलासा, मालक."

"हिराबाई, तुम्ही रक्त तपासून घ्या."

"रगत काढल्यावर कमीच हुनार की. मग म्हननार, कमी हाय." मंगलने तोंडाला पदर लावला.

"धक्के तुम्हांलाही जाणवत होते ना?"

"आवं, खरं सांगू? दिवा कवा हललाच न्हाई."

खोलीत वायरीला बल्ब टांगलेला होता. मोठ्या भूकंपानंतर प्रत्येक घरात आधी त्याच्याकडे बघतात.

"मग बोलला का नाहीत?"

"डोस्कं गरगरायचं, ते खरं हाय. पर दिवा गप. म्या म्हनलं, मालक पळत्यात, आपुन का बसायचं? भाईर वारं लागलं की बरं वाटायचं. तुमी पळालासा म्हंजी आमाला सुट्टी."

मी माझे हात चादरीवर ठेवले. कोऱ्या नखांचे. शेजारी तिला हात ठेवायला सांगितलं. तिच्या नखांवर अजून दिवाळीचा डाळिंबी होता. "एकच नख," मी म्हणालो. "अंगठ्याचं. मग तुमची मर्जी."

तिने गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातली घराची किल्ली घेतली आणि तिच्या कडेने रंग खरवडला. बराच वेळ लागला. शेवटी अंगठा माझ्या अंगठ्याला लावून पाहिला. दोन्ही सारखेच, जोंधळ्याच्या पिठासारखे. तिने भाकरीचं गाठोडं माझ्या उशाशी ठेवलं आणि नर्सला म्हणाली, "कुठं जायचं, दावा."

हिराबाई सात पूर्णांक दोन. मंगल नऊ पूर्णांक एक. डॉक्टर म्हणाले, आपल्याकडच्या बायकांचं रक्त तसंही कमी असतं. यातलं पोटाला न मिळाल्याचं किती आणि वासाचं किती, हे सांगता येणार नाही. मी दोन्ही आकडे माझ्या आकड्याखाली डायरीत लिहिले. तीन आकड्यांची बेरीज काही कामाची नसते, पण मी ती केली. तिघांचं मिळून दीड माणसाचं रक्त होतं.

परत

सत्तेचाळीस दिवसांनी, नऊ पूर्णांक चारवर, मला घरी सोडलं. दिवाळी वॉर्डातच झाली होती. म्हातारबुवा माझ्या आधीच बरे होऊन गेले होते. घरी आल्यावर पहिलं काम सुमनने केलं. खिडकीचं गोणपाट उचकटलं आणि चुलीत घातलं. मी बघत बसलो. पाच महिन्यांनी त्या खोलीत आकाश आलं.

धंदा बंद करावा, असं सासरे म्हणाले. मीही तसंच ठरवलं होतं. संक्रांतीनंतर हिराबाई दारात येऊन उभी राहिली. लोहाच्या गोळ्या घेऊन तिचा आकडा नऊच्या वर आला होता. "काम कवा सुरू करायचं?" तिने विचारलं. मी म्हटलं, काम वाईट आहे. ती म्हणाली, "ऊस तोडायला जाऊ? त्यो काय चांगला हाय? हितं काय वाईट हाय ते आता ठावं तरी हाय."

मग मी कामाची रीत बदलली. भरायचं काम मागच्या पडवीत नेलं, तिला तीन बाजूंनी वारा. धुळीसाठी जमिनीवर सडा. पावसाळ्यात भरणं बंदच, तेव्हा फक्त लेबलं आणि खोकी. जुनं महाग थिनर परत आणलं आणि त्यात बेन्झीन नाही असं प्राध्यापकांकडून तपासून घेतलं. डब्यांना झाकण. हात धुवायला शेंगतेल आणि मग साबण. रंग नऊ नखांवर लावून बघायचा, अंगठ्याचं एक नख कोरं ठेवायचं. दर सोमवारी सुमन तिघांचे अंगठे उजेडात धरून बघायची. आणि दर पाऊण तासाला पंधरा मिनिटं उठून शेवग्याखालच्या दगडावर.

सगळं पाळलं गेलं, शेवटचं सोडून. हिराबाई तीन मिनिटांत परत यायची. मंगल तर जायचीच नाही. मी रागावलो. घड्याळ दाखवलं. माझी पांढरी नखं दाखवली, जी अजून पुरती रंगली नव्हती.

"पंधरा मिनटात वीस बाटल्या हुत्यात," हिराबाई म्हणाली. "त्या काय त्यो दगुड भरनार?"

मी ग्रोसवर मजुरी देत होतो. बाटली भरली तर पैसे, दगडावर बसलं तर काही नाही. खिडकीचं गोणपाट सुमनने जाळलं होतं. हे एक मीच ठोकलेलं राहिलं होतं. तीन दिवस मी हिशेब फिरवून बघितला, बहुतेक तो न जुळण्याची वाट बघत. तो जुळला. मला थोडं कमी पडलं, एवढंच.

पुढच्या सोमवारी मी दोघींना सांगितलं, बसलात तरी मजुरी बुडणार नाही, आणि तेव्हापासून त्या पूर्ण पंधरा मिनिटं बसू लागल्या. मीही बसतो. उन्हं पडवीतून सरकतात, शेवग्याची फुलं गळतात, हिराबाई ओवी म्हणते आणि दुसरी ओळ वेळेवर येते. गुरुजी भिंतीवरून विचारतात, "धक्का?" हिराबाई म्हणते, "व्हय, घड्याळ बगून आलाय."

माझा कालचा आकडा अकरा पूर्णांक दोन.

दिनांक २२ फेब्रुवारी १९७५, शनिवार, संध्याकाळी साडेपाच. हजर : मी, सुमन, हिराबाई, मंगल. रोज सहा वेळा पंधरा मिनिटं, सहा दिवस, म्हणजे नऊ तास, तासाला चाळीस पैसे. बाटल्यांची मजुरी वेगळी दिली. पैसे हातात घेऊन हिराबाईने विचारलं, "ह्ये कशाचं?" मी सांगितलं. तिने ते पुन्हा मोजले, मंगलकडे बघितलं, आणि पावतीवर अंगठा दिला. त्यावरचं नख कोरं होतं आणि जरासं गुलाबी.

हिराबाईंना, दगडावर बसल्याबद्दल, तीन रुपये साठ पैसे. मंगलला तेवढेच.